सावली हवी की वीज?

सध्या आमच्या कंपनीतल्या जेवणाच्या टेबलावर दोनच विषय असतात. एक म्हणजे कोणाची नोकरी जाणार आणि दुसरा म्हणजे नोकरी न सोडता व्हॅनमध्ये राहायला कोण जाणार. दुसऱ्या विषयावर बोलणारी मंडळी अर्थातच जास्त आनंदात असतात. भाड्याचा फ्लॅट सोडायचा, जुनी ईको किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज. टपावर सोलर पॅनल टाकायचं की झालं. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप उघडून कोकणात काम, शनिवार-रविवार पुढचं गाव. वीजबिल नाही, घरमालक नाही, हिंजवडीचा ट्रॅफिक नाही.

माझ्या ओळखीचं एक जोडपं आता नुसतं बोलण्याच्या पलीकडे गेलंय. दोघंही आयटीत, दोघांचंही काम घरून. भाडेकरार संपायला तीन महिने आहेत आणि तो पुन्हा करायचा नाही असं ठरलंय. बचतीतला मोठा हिस्सा गाडीत जाणार आहे. त्यांना शुभेच्छा द्यायच्या की घाबरवायचं, हा प्रश्न मला पडलेला नाही. मला त्यांच्या त्या कागदावरची एकच ओळ खटकते: "वीज: सोलर, त्यामुळे काळजी नाही."

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. व्हॅनमध्ये राहायला माझा विरोध नाही. सोलरलाही नाही. पण आपल्या हवामानात, दोन नोकरदार माणसांच्या व्हॅनमध्ये, सोलर हा मुख्य स्रोत नसून जोडधंदा आहे. मुख्य स्रोत दोन: गाडीचं इंजिन आणि कोणाच्या तरी घराचं सॉकेट. हे मान्य केलं की बाकीचं गणित सुटतं. नाही केलं तर ऐन रिलीजच्या दिवशी लॅपटॉप बंद पडतो आणि मग "काळजी नाही" म्हणणाऱ्याला पहिली काळजी नोकरीची लागते.

आता गणित. घाबरू नका, पाचवीच्या पुढचं नाही.

वीज मोजायची ती युनिटमध्ये. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास. दोन लॅपटॉप, प्रत्येकी सरासरी ४५ वॉट, आठ तास: ७२० वॉट-तास. इंटरनेटचा राऊटर १० वॉटचा, बारा तास: १२०. बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसरवाला फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला साधारण ६०० खातो. २० वॉटचा पंखा पंधरा तास: ३००. दिवे ५०, दोन फोन ४०. बेरीज १८३०. मधली गळती धरली की सरळ दोन युनिट म्हणा. यात मिक्सर नाही, इंडक्शन नाही, एसी तर नाहीच नाही.

आता उत्पन्नाची बाजू. आजकालचं ४०० वॉटचं पॅनल साधारण १.७ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद असतं, म्हणजे जवळपास दोन चौरस मीटर. ईकोची एकूण लांबी ३.६७ मीटर, रुंदी १.४७ मीटर, आणि त्यातला पुढचा भाग बॉनेट आणि काचेत जातो. टपावर असं एक पॅनल नीट बसतं. दुसरं बसवायचं तर ते हवेत लोंबकळेल.

४०० वॉट हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. पॅनलच्या पेशी २५ अंशांवर आणि ऊन अगदी कडक असताना मोजलेला. एप्रिलमध्ये दुपारी तापलेल्या टपावर त्या पेशी ६०-६५ अंशांवर सहज जातात आणि दर अंशामागे साधारण एक तृतीयांश टक्का वीज कमी होते. म्हणजे ज्या दुपारी ऊन सगळ्यात जास्त, त्याच दुपारी बारा-चौदा टक्के नुसते उकाड्यात गेले. वर धूळ, वायर, कंट्रोलर, बॅटरीतली गळती. हातात पडतात ते साधारण सत्तर टक्के. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला सुमारे साडेपाच तास "पूर्ण उन्हा"इतकी ऊर्जा मिळते. ४०० गुणिले ५.५ गुणिले ०.७, म्हणजे दीड युनिट.

खर्च दोन, उत्पन्न दीड. आणि ही झाली स्वच्छ उन्हात दिवसभर गाडी उभी ठेवल्याची गोष्ट.

खरी गंमत इथेच आहे. भर उन्हात गाडी उभी कोण ठेवतो? आपल्याकडे गाडी लावायची म्हटलं की पहिली नजर झाडाकडे जाते. चिंच, वड, आंबा, काहीही चालेल पण सावली पाहिजे. पत्र्याच्या डब्यात दिवसभर बसून कोड लिहायचा असेल तर सावली ही चैन नाही, गरज आहे. आणि पॅनलला मात्र सावलीचं वावडं. बहुतेक पॅनलमध्ये आतून तीन भाग असतात. एका भागावर फांदीची सावली पडली तरी तो अख्खा भाग झोपतो, म्हणजे तेहतीस टक्के गेले. वरच्या कॅरिअरची किंवा अँटेनाची सावलीसुद्धा पुरते. तेव्हा रोज सकाळी एक निर्णय घ्यायचा असतो: माणसं गार ठेवायची की बॅटरी भरायची? विदेशातले व्हिडिओ बघून हा प्रश्न कळत नाही, कारण तिथला प्रश्नच वेगळा आहे.

तिथला प्रश्न हिवाळ्याचा. सिएटलला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर येतो, लंडनला १५. टपावर आडव्या ठेवलेल्या पॅनलला तो तिरकाच दिसतो. म्हणून ते लोक पॅनल उचलून कलती करायच्या युक्त्या सांगत असतात. पुण्यात त्याच डिसेंबरात सूर्य ४८ अंशांवर असतो, आणि १३-१४ मेच्या सुमारास तर थेट डोक्यावर. (शून्य सावलीचा दिवस, शाळेतल्या मुलांना घेऊन बघण्यासारखा असतो.) आपल्याला पॅनल कलती करायची फारशी गरज नाही. आपले शत्रू दोन: उकाडा आणि पावसाळा.

पावसाळ्याबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. जुलैत सरासरी ऊन साडेतीन-चार तासांवर येतं, म्हणजे आपलं पॅनल दिवसाला एक युनिट देईल. ही सरासरी. कोकणात किंवा घाटात झड लागली की पॅनल आपल्या नेहमीच्या उत्पन्नाच्या दहा-वीस टक्क्यांवर येतं. दोन-तीनशे वॉट-तास. त्यात एक लॅपटॉपही दिवसभर चालत नाही. आणि बहुतेकांना व्हॅन घेऊन जायचं असतं ते नेमकं पावसाळ्यात, कारण धबधबे!

"मग मोठी बॅटरी घेऊ" हे पुढचं वाक्य मला ऐकू येतंय. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. नळाला पाणीच नसेल तर टाकी मोठी करून काय उपयोग? २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बारा व्होल्टला साधारण अडीच युनिट साठवते, आपला सव्वा दिवस. तीन दिवसांची झड काढायची तर पाचशे अँपिअर-अवर लागेल. आणि चौथ्या दिवशी ऊन पडलं तरी एका पॅनलने ती टाकी भरायला चार दिवस लागतील. तेही तुम्ही त्या चार दिवसांत काहीही न वापरता.

एसीचं एकदाच सांगतो. एक टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी रात्रीच्या आठ तासांत चार-पाच युनिट घेतो, आणि पत्र्याच्या गाडीत कमी नक्कीच घेत नाही. पाच युनिट म्हणजे शंभर अँपिअर-अवरच्या चार लिथियम बॅटऱ्या. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायच्या तर १३०० वॉटची पॅनल हवीत, म्हणजे साडेसहा चौरस मीटर जागा. ईकोची बॉनेटसकट अख्खी गाडी वरून मोजली तर साडेपाच चौरस मीटर भरते. म्हणजे गाडीपेक्षा टप मोठा पाहिजे! मोठ्या टेम्पो ट्रॅव्हलरवर जागा मिळेल, पण तिथेही झाडाखाली लावलीत की गणित संपलं. "सोलरवर एसी चालणारी व्हॅन" असं कोणी विकत असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा: किती तास, आणि दुसऱ्या दिवशी काय?

स्वयंपाकही विजेवर करायचा नाद सोडा. एक किलो गॅसमध्ये साधारण पावणेतेरा युनिट ऊर्जा असते. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमध्ये चौसष्ट. शेगडीवर निम्मी वाया गेली असं धरलं तरी पातेल्यात बत्तीस युनिट पोचतात. शंभर अँपिअर-अवरच्या पंचवीस बॅटऱ्या एका छोट्या सिलिंडरमध्ये! वरणभातासाठी बॅटरी जाळणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. फक्त गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. आणि शक्यतो स्वयंपाक गाडीबाहेरच करावा. बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यात दुसरं मत नाही.

आता जे लोक बोलत नाहीत त्या स्रोताकडे येऊ. इंजिन. गाडी चालत असताना तिचा अल्टरनेटर वीज बनवतच असतो. मधे तीस अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर लावला की तासाला ४०० वॉट-तास घरच्या बॅटरीत जमा होतात. चार तासांचा प्रवास म्हणजे दीड युनिटच्या वर. अख्ख्या दिवसाच्या उन्हाइतकं, तेही रात्री, पावसात, बोगद्यात कुठेही.

फक्त हा चार्जर वगळून पैसे वाचवू नका. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते. ती थेट अल्टरनेटरला जोडली तर ट्रॅफिकमध्ये, इंजिन हळू फिरत असताना, अल्टरनेटर तापत राहतो, कारण त्याचा पंखाही हळूच फिरत असतो. आणि भरत असताना बॅटरीच्या संरक्षक सर्किटने मधेच जोडणी तोडली तर व्होल्टेजचा जो धक्का बसतो त्यात अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. नवीन गाड्यांमध्ये अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर कमी-जास्त करतो, तिथे तर थेट जोडणीने बॅटरी पूर्ण भरणारच नाही.

आणि उभ्या गाडीत फक्त चार्जिंगसाठी इंजिन चालू ठेवू नका. तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळून ४०० वॉट-तास मिळतात, म्हणजे युनिटमागे दीडशे-दोनशे रुपये. त्याशिवाय धूर, तो वेगळाच.

दुसरा स्रोत सॉकेट. वीस अँपिअरचा चार्जर रात्रभर, आठ तास लावला तर सव्वादोन युनिट भरतात. म्हणजे आपला दुसऱ्या दिवसाचा सगळा खर्च. घरमालकाच्या मीटरवर अडीच युनिट पडतील, म्हणजे फार तर चहा-पोह्यांचे पैसे. होमस्टेवाल्या काकूंना आधी विचारा, आणि न मागता पैसे द्या. "थोडी लाइट वापरली" म्हणून फुकट चार्ज करून निघून जाणारी पाहुणे मंडळी दोन-चार झाली की पुढच्याला दारात उभं करत नाहीत, आणि बरोबरच आहे ते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे: गाडी लावायला जागा, पाणी, वीज. अशा जागा जितक्या वाढतील तितकं आपलं सोपं होईल. मला विचाराल तर टपावरच्या तिसऱ्या पॅनलपेक्षा गावोगावी एक भरवशाचं सॉकेट जास्त कामाचं.

इथे काही जण नाक मुरडतात. "सॉकेटच शोधायचं तर मग स्वातंत्र्य कुठे राहिलं?" माझं म्हणणं असं की ते स्वातंत्र्य नव्हतंच कधी. पाणी तुम्ही कोणाच्या तरी नळावरून भरणार, शौचालय पेट्रोल पंपावरचं वापरणार, इंटरनेट कोणाच्या तरी टॉवरचं. सगळ्याच बाबतीत शेजार लागतो, फक्त विजेच्या बाबतीतच संन्यास कशाला? रात्री ज्या अंगणात गाडी लावली तिथल्या माणसांशी दोन शब्द बोलायला लागणं हा काही तोटा नाही.

एवढं सगळं पटलं तरी एक गोष्ट उरते, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुरक्षितता. आपण ज्या पलंगावर झोपणार त्याच्या खाली ही बॅटरी असते.

बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून लोकांना ते खेळणं वाटतं. पण व्होल्टेज कमी म्हणजे करंट जास्त. १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर बॅटरीतून नव्वदएक अँपिअर ओढतो. घरात प्लगला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची वायर दोन मीटर अंतरावर जोडली (जाऊन-येऊन चार मीटर), तर त्या वायरमध्ये अडीच व्होल्ट पडतात आणि सव्वादोनशे वॉट उष्णता तयार होते. गादीखाली इस्त्री चालू ठेवल्यासारखंच! तीच वायर पस्तीस स्क्वेअर एमएमची घेतली तर उष्णता सोळा वॉटवर येते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण तो उपकरणासाठी नसून वायरसाठी असतो. आणि घरातला साधा एसीचा एमसीबी डीसीला लावू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो तेव्हा ठिणगी विझते, डीसी कधीच शून्यावर येत नाही. डीसीसाठी बनवलेलाच ब्रेकर मागून घ्या.

बॅटरी कुठली? लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. लिथियमच्या बाकीच्या जातींपेक्षा ती पेट घ्यायला बरीच नाखूश असते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण ती पन्नास किलोच्या वर भरते, निम्मीच वापरावी लागते, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या खोलीत ते नको. स्कूटरमधून काढलेले जुने सेल जोडून कोणी "सेम माल, निम्म्या भावात" देत असेल तर नमस्कार करून पुढे जा.

एलएफपीचेही दोन नखरे आहेत. एक, शून्य अंशाखाली ती वापरता येते, पण भरता येत नाही. भरली तर आत लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी हे पाठ करावं: पहाटे बॅटरी गोठलेली असते आणि नेमकं तेव्हाच पॅनलवर कोवळं ऊन पडतं. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारं सर्किट आहे का, हे विकत घेतानाच विचारा. दोन, तिचं व्होल्टेज भरलेली असताना आणि बरीच रिकामी असताना जवळपास सारखंच दिसतं. तेव्हा व्होल्टमीटरवर विसंबू नका, आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंट मीटर लावा. पेट्रोलच्या काट्याशिवाय गाडी कोणी चालवतं का?

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. आग लागली आणि कंपनीने "हे वायरिंग कोणी केलं?" विचारलं तर उत्तर हवं. आधी आरटीओ आणि विमा, मग ड्रिल मशीन.

मग त्या जोडप्याला मी काय सांगितलं? गाडी घेऊ नका असं अजिबात नाही. सांगितलं की एक पॅनल, २०० अँपिअर-अवर एलएफपी, एमपीपीटी कंट्रोलर (साधा पीडब्ल्यूएम घेतलात तर ४०० वॉटच्या पॅनलमधून निम्मेही निघणार नाहीत), तीस अँपिअरचा डीसी चार्जर, सॉकेटचा चार्जर, शंट मीटर. लॅपटॉप शक्यतो बारा व्होल्टच्या टाइप-सी चार्जरवर, कारण मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी पंधराएक वॉट खातो, चोवीस तासांत एका लॅपटॉपइतकं. आणि एक नियम: मीटर तीस टक्क्यांवर आला की त्या रात्री सॉकेट. वाद नाही, "उद्या ऊन पडेल" नाही.

आणि हे सगळं विकत घेण्याआधी एक आठवडा घरीच करून बघा. प्लगला लावायचा छोटा युनिट मीटर मिळतो. त्यावर दोघांचे लॅपटॉप, राऊटर आणि फोन लावा, रोज रात्री आकडा लिहा, आणि फ्रिज-पंख्याचे वरचे आकडे त्यात मिळवा. बेरीज दोन युनिटच्या आत बसली तर व्हॅनमध्ये तुमचं छान चालेल. चार आली तर मोठी बॅटरी शोधू नका, आधी कुठलं उपकरण सोडवत नाही ते शोधा. तीन महिने हातात आहेत, भाडेकरार अजून संपलेला नाही, आणि मीटर काही महाग नसतो.

बघा, पटतंय का.